शेरा

शेरा हे कुत्र्याचं नाव नाही.
मीटर रीडिंगच्या यादीत शेवटचा एक रकाना असतो,
त्यात मी एकोणीस वर्षं लिहीत आलो :
गेट बंद. काच फुटलेली. घरात कुत्रा.
मानेवाडा, हुडकेश्वर, पार नरसाळ्यापर्यंत
माणसं मला बिलावरच्या नावापुरती ठाऊक,
कुत्री मात्र आवाजावरून.

म्हणून दिवाळी झाली की फोन येतात.
लक्ष्मीपूजनाच्या रात्री लडी लागतात
आणि सकाळी खांबाला नुसती साखळी असते.
"लांजेवार, तुम्ही गल्लोगल्ली फिरता ना जी,
आमचा दिसला का कुठी?"

यंदा तितरमारे बाई.
झेरॉक्सवाल्यानं फोटो इतका काळा काढला
की त्यात कोणाचंही कुत्रं बसलं असतं.
खाली बाईंचं अक्षर :
डावा कान फाटका. कुकरच्या शिट्टीला भितो.
दहीभात खातो.
नाव कलेक्टर.

नाव मुलानं ठेवलेलं,
स्पर्धा परीक्षेच्या तिसऱ्या वर्षी.
"घरात एक तरी होऊ दे," म्हणाला होता.
आता तो पुण्यात कुरियरच्या गोदामात रात्रपाळी करतो,
फोनवर आधी त्याचीच चौकशी.
बाई सांगतात, झोपला आहे.

आठ रात्री आम्ही फिरलो,
माझी स्कूटी, मागे बाई,
त्यांच्या मांडीवर दह्याचा डबा.
"कलेक्टर! ए कलेक्टर!"
दिघोरीच्या पानठेल्यावरून कोणी ओरडलं,
"भाऊ, ते सिव्हिल लाइन्समंदी राह्यते!"
तेव्हा बाईही हसल्या.
पाचव्या रात्री त्यांचा आवाज बसला.
मग हाका मी मारल्या,
अनोळखी कुत्र्यांनी उत्तरं दिली.

एक सक्करदऱ्याच्या तळ्याशी सापडला,
दोन्ही कान धड.
एक रिंग रोडच्या कडेला.
तो आपला नव्हता.
तरी बाई उतरल्या, अंगावरची शाल त्याच्यावर घातली,
आणि महापालिकेची गाडी येईस्तोवर
तिथून हलल्या नाहीत.

नवव्या रात्री कळमना.
मिरचीच्या पोत्यांआड खाट,
खाटेवर चौकीदार झनकलाल उईके,
खाटेखाली फाटका कान.
"बुधवारी आला, म्हून बुधराम," उईके म्हणाले,
"फटाके वाजले का माह्या पायात शिरे."

बाई जागच्या हलल्या नाहीत. तोही नाही.
एकदा इकडे पाहिलं, एकदा उईकेंकडे,
अर्ध्या पाळीतून सुट्टी मागावी तसं.
डब्याचं झाकण निघालं.
आधी शेपटीला आठवलं,
मग मागच्या पायांना,
मग सगळा कलेक्टर बाईंवर येऊन आदळला,
दही पोत्यांवर.

बाईंनी हजार रुपये पुढे केले.
उईकेंनी हात पाठीमागे नेले.
"मिरचीचे हात हायेत बाई. राहू द्या."
डोळे सगळ्यांचेच चुरचुरत होते,
कळमन्यात तेवढं कारण पुरतं.
निघताना पाहिलं,
त्यांनी खाटेखालचं बारदान झटकलं,
घडी केली,
आणि परत तिथंच अंथरलं.

पुढच्या महिन्यात रीडिंगला गेलो
तर कलेक्टर गेटवर धावून आला,
नऊ रात्री त्याला शोधणाऱ्यावर
चोरावर भुंकावं तसा भुंकला.
आतून बाई : "कलेक्टर! गप्प!"
तो ऐकेना.
"बुधराम!"
बसला.

"रविवारी येतात ते," बाई म्हणाल्या,
"त्यांच्यासमोर माझं काही चालत नाही."

युनिट एकशे बारा.
खिशात अजून दोन झेरॉक्स होते,
घामानं आणखी काळे झालेले,
एक न्यू नंदनवनचा, एक बेसा रोडचा.
भिंतीला टेकून रकाना भरला :
घरात कुत्रा.
जागा उरली नव्हती, तरी बारीक अक्षरात पुढे लिहिलं,
आहे.